बांद्याच्या महिला मिस्तरी आणि हापशाचा भार

नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला मंजुरी दिली. देशातील १५,००० महिला बचतगटांना शेतीसाठी ड्रोन पुरवायचे आणि गटातील एकीला १५ दिवसांचे प्रशिक्षण देऊन चालक करायचे, असा तिचा आराखडा आहे. आकाशात ड्रोन आणि खाली रिमोट हाती घेतलेली स्त्री, हे छायाचित्र तेव्हापासून आपण वारंवार पाहिले. योजनेच्या तपशिलात मात्र आणखी एक व्यक्ती आहे. गटातील दुसरी सदस्य किंवा कुटुंबातील कोणी, जिने दुरुस्तीचे काम शिकायचे आहे. मला कुतूहल आहे ते या दुसऱ्या व्यक्तीविषयी. ग्रामीण भारतात शेतमजुरी करणाऱ्या स्त्रियांनी तंत्रज्ञ होण्याचा एक मोलाचा प्रयोग दुरुस्तीच्या कामातूनच घडला होता, आणि त्यातले यंत्र होते गावचा हापसा.

१९६०च्या दशकातील दुष्काळांनंतर देशात कठीण खडकात विंधनविहिरी खोदण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेले होते. अख्खे गाव दिवसभर पाणी भरू लागताच ते मोडत. यावरच्या उपायाची सुरुवात महाराष्ट्रात झाली. जालन्यातील मिशनऱ्यांनी पोलादी पंप बनवला आणि त्याच वाटेने पुढे ‘सोलापूर पंप’ आला. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून भारत सरकार, युनिसेफ, चेन्नईची ‘मेराडो’ ही संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी मिळून सोलापूर पंपाच्या आधारे ‘इंडिया मार्क टू’ घडवला. आपल्या खेड्यांत आजही दिसतो तो हाच पंप.

त्याची रचना समजून घेतली की पुढची गोष्ट नीट कळते. वातावरणाच्या दाबाच्या बळावर पाणी तत्त्वतःसुद्धा सुमारे १० मीटरपेक्षा वर ओढता येत नाही. म्हणून खोल विहिरीत दट्ट्या आणि त्याचे नळकांडे खाली पाण्यातच ठेवावे लागतात. त्या दट्ट्यावरचे वॉशर झिजले की पंप कोरडा पडतो. प्रयोगशाळेत निर्वात पंपाची एक रबरी कडी झिजल्याने आठवडाभराचे काम थांबलेले मी पाहिले आहे. पण ती कडी हाताशी तरी असते. मार्क टूमध्ये तळहातावर मावेल एवढ्या वॉशरसाठी जमिनीखालचा लोखंडी नळांचा सगळा स्तंभ वर खेचावा लागे. त्यामुळे गावात एक राखणदार, तालुक्याला एक मिस्तरी आणि जिल्ह्याला वाहनासह फिरते पथक, अशी त्रिस्तरीय व्यवस्था उभी राहिली. गावातला पंप बंद पडे, आणि पथकाची वाट पाहत डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या विहिरीकडे चालत जात त्या स्त्रिया.

हा भार हलका करण्याचा एक मार्ग अभियंत्यांनी शोधला. १९८३ ते १९८८ या काळात कोइमतूर परिसरात हातपंपांच्या प्रदीर्घ चाचण्या झाल्या. चामड्याच्या वॉशरऐवजी नायट्रिल रबराचे वॉशर आले. नळाचा व्यास वाढवून ‘मार्क थ्री’ तयार झाला, ज्यात नळ जागेवरच ठेवून दट्ट्या वर काढता येतो. रचनेतील एका बदलाने दुरुस्ती पथकाकडून गावाच्या आवाक्यात आली.

दुसरा मार्ग उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्याने दाखवला. बुंदेलखंडातील हा भाग पाण्यासाठी कायम आसुसलेला. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून पुढे आलेला ‘महिला समाख्या’ हा कार्यक्रम येथे दशकाच्या अखेरीस सुरू झाला. गावोगावी स्त्रियांचे संघ उभे राहिले आणि त्यांच्या बैठकांत पहिला प्रश्न निघाला तो पाण्याचा. तक्रारी करून थकण्यापेक्षा पंप आपणच दुरुस्त करावेत, या विचारातून जल निगम आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्त्रियांना मार्क टूच्या दुरुस्तीचे शिक्षण मिळाले. त्यांतील बहुतेक जणी दलित व कोल समाजातील आणि निरक्षर होत्या.

ज्या गावांत त्यांनी पंपाला शिवलेले चालत नसे, त्याच गावांत आता पंपाचा प्रत्येक भाग त्यांच्या हातांतून जाऊ लागला. स्त्रीला हे जमेल का, हा संशय एका बाजूला आणि जातीचा विटाळ दुसऱ्या बाजूला. एकट्या स्त्रीने पाना घेऊन परगावी जाणे अशा वातावरणात अवघडच होते. म्हणून त्या गटाने जात. नळांचे वजन जसे अनेक हातांत वाटले जाई, तसाच टोमण्यांचा भारही. मार्क टूचे वजन जराही कमी झाले नव्हते. ते उचलणारी माणसे बदलली होती आणि त्यांच्या पाठीशी संघ होता.

काम वाढले तशी अक्षरांची गरज भासू लागली. साक्षरतेची मागणी याच मिस्तरी स्त्रियांकडून पुढे आली. नव्याने लिहू लागलेल्या स्त्रियांनी ‘महिला डाकिया’ हे पत्रक काढले. त्या अनुभवातून ‘निरंतर’ संस्थेच्या पाठबळाने २००२मध्ये चित्रकूटमध्ये ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले वृत्तपत्र सुरू झाले. २००९मध्ये त्याला युनेस्कोचा साक्षरतेसाठीचा किंग सेजोंग पुरस्कार मिळाला. पुढे या पत्रकारांनी मोबाइल कॅमेरा हाती घेतला आणि त्यांच्यावरील माहितीपट २०२२मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मला या इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्त्रियांच्या तंत्रज्ञानातील प्रवेशाची नोंद आपण ‘इतक्या जणींना प्रशिक्षण दिले’ अशी ठेवतो. बांद्याकडे पाहिले तर शिबिर संपल्यानंतरचे दिवस अधिक निर्णायक दिसतात. पहिली चूक झाली तेव्हा सोबत कोण होते, घरातून विरोध झाला तेव्हा समजूत घालायला कोण गेले, सुटे भाग कोठून आले, श्रमाचा मोबदला कोणी दिला? ड्रोन पंपापेक्षा कितीतरी हलका आहे. पण त्याची बॅटरी क्षीण होईल, पाते तुटेल, तेव्हा हेच प्रश्न त्या दीदीसमोर उभे राहतील. योजनेचे मूल्यमापन करताना किती ड्रोन वाटले याच्याबरोबरच तीन वर्षांनी त्यांतील किती उडत आहेत आणि ते दुरुस्त कोण करते, हेही मोजले गेले पाहिजे.