शंकेची पाल आणि पालीचं अंडं

या मालेत आपण एरवी भोर-वेल्ह्याचे किल्ले, पंतसचिवांचे संस्थान, भाटघरचे धरण असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. काही तरुण श्रोत्यांनी प्रश्न पाठवला होता : परदेशी पाली घरी पाळून त्यांची अंडी उबवतात, तसं आपल्याकडे करता येईल का? प्रश्न छंदाचा दिसतो, पण त्याच्या पोटात दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे.

मराठी माणसाचं पालीशी नातं मोठं विचित्र. ती घरात असते, पण घरची नसते. पंचांगात पल्लीपतनाची फळं छापलेली असतात; उजव्या खांद्यावर पडली तर काय, डाव्या पायावर पडली तर काय. कोणी बोलत असताना ती चुकचुकली की बोलणं खरं ठरतं म्हणतात, आणि मनात संशय आला तरी चुकचुकते ती शंकेची पालच! म्हणजे साक्षीदारही तीच आणि संशयही तीच. (राजगडाच्या पाली दरवाज्याचा मात्र या प्राण्याशी संबंध नाही, तो पायथ्याच्या पाल गावाचा. हा प्रश्न दर वेळी येतो म्हणून आधीच सांगून टाकतो.)

घोरपडीला आपण पोवाड्यात नेऊन बसवलं. सिंहगडाच्या लढाईत तानाजींनी घोरपड लावली हे तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत नाही. तिथे मावळे वानरासारखे कडा चढतात. ते काही असो, घोरपडीला मान मिळाला आणि पालीच्या वाट्याला झाडू आला.

आता अंड्याकडे येऊ. जुन्या घरात, कौलांच्या खाली, चौकटीच्या फटीत, देवाच्या तसबिरीमागे, दोन पांढरी, वाटाण्याएवढी अंडी तुम्ही पाहिली असतील. घरातल्या पालीचं अंडं बाहेर येतं तेव्हा मऊ असतं आणि हवा लागली की कवच चुन्यासारखं कडक होतं. आई उबवायला बसत नाही. ऊब देते ती भिंत आणि तापलेलं कौल. आपल्या बायाबापड्यांना कोंबडी खुडूक बसली की काय करायचं ते नीट ठाऊक असतं. डालग्यात गवत घालायचं, अंडी ठेवायची, 21 दिवस मोजायचे. कोंबडी अंडी अधूनमधून फिरवते, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. पालीच्या अंड्याचं नेमकं उलटं. त्यातला गर्भ एकदा जागा धरून बसला की अंडं उलटं करायचं नाही, नाहीतर तो मरण्याची भीती. म्हणून घरी पाली पाळणारे लोक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात आणि ती खूण वरच ठेवून अंडं उचलतात.

हे लोक बहुधा बिबट्या पाल पाळतात, युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. मूळची अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या मुलखातली. ब्लाइदने 1854 मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं. तिच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ, ते भोवतालचं पाणी शोषून फुगतं, म्हणून ओलसर भुकटीत ठेवावं लागतं. आणि इथे आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कान टवकारतात, कारण या अंड्यातून नर निघणार की मादी हे बऱ्याच अंशी तापमान ठरवतं.

ॲरिस्टॉटल म्हणायचा की नर होण्यासाठी उष्णता लागते, ती कमी पडली की मादी. हाच माणूस अंडी फोडून कोंबडीच्या गर्भाची वाढ बघणारा! निरीक्षण उत्तम आणि सिद्धांत पूर्वग्रहाचा, असं त्याच्या बाबतीत पुष्कळदा होतं. आपल्याकडे चरकसंहितेत उत्तर वेगळं : शुक्राचं आधिक्य असेल तर मुलगा, रक्ताचं असेल तर मुलगी. दोघेही माणसाबद्दल बोलत होते आणि माणसाच्या बाबतीत दोघेही चुकले. मग 1966 मध्ये माडलेन शार्निए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी सेनेगलमधल्या एका सरड्याच्या अंड्यांवरून दाखवलं की तापमानाने लिंग बदलतं. 1980 मध्ये वॅग्नरने बिबट्या पालीत हेच नोंदवलं. साधारण 26 अंश सेल्सिअसला सगळ्या माद्याच, साडेबत्तीसला बहुतेक नर. इथपर्यंत ॲरिस्टॉटल खूश झाला असता. पण 34 अंशांच्या पुढे गेलात की परत जवळपास सगळ्या माद्या! उष्णता वाढली म्हणजे नरपण वाढलं, हे गणित पालीने मोडून टाकलं. अर्थात सगळ्याच पालींत असं होत नाही, काहींत लिंग गुणसूत्रांवरच ठरतं.

शास्त्राने हे कोडं सोडवलं आणि बाजाराने ते लगेच उचललं. एका नराला चार-पाच माद्या पुरतात, मग उबवणीच्या पेटीचा काटा 27 वर ठेवायचा. पुढे रंगांची हौस आली. 2006 च्या सुमारास 'एनिग्मा' नावाचा रंगप्रकार बाजारात आला. त्यातल्या पाली मान वाकडी करून गोल-गोल फिरू लागल्या, कारण रंगाबरोबर मज्जासंस्थेचा दोषही आला होता. त्यानंतरचा 'लेमन फ्रॉस्ट'. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की या लिंबू रंगाच्या पालींपैकी 80 टक्क्यांहून अधिकांना त्वचेच्या गाठी होतात. ज्या जनुकामुळे रंग खुलतो त्याच्याशीच गाठींचा संबंध. आमचं स्पष्ट मत आहे की सौंदर्यासाठी दुसऱ्याच्या अंगात रोग पेरायचा हक्क कोणाला नाही. पेशव्यांच्या काळी पुण्यात शिकारखाना होता, वाघ-सिंह पाळत, तेही काही दयेने नव्हे. पण निदान वाघाला आजारी करून त्याचा रंग बदलत नव्हते.

आता आपल्या मुलखाकडे. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या माळांवर बिबट्या पालीची सख्खी बहीण राहते, युब्लेफॅरिस फस्कस. बोर्नरने 1974 मध्ये तिला वेगळं नाव दिलं. लोक तिला विषारी समजून ठेचतात. ती विषारी नाही. भारतातली एकही पाल विषारी नाही. सह्याद्रीच्या कातळांत आणि किल्ल्यांच्या तटांत मोठी ठिपक्यांची पाल असते, दुमेरिल आणि बिब्रों यांनी 1836 मध्ये नाव दिलेली. दख्खनचं नाव असलेली पट्ट्यांची पाल गुंथरने 1864 मध्ये नोंदवली. आणि गेल्या वीस वर्षांत वरद गिरी आणि त्यांच्यासारख्या मराठी अभ्यासकांनी सातारा, जुन्नर, कास अशा ठिकाणांहून नव्या-नव्या जाती शोधल्या. कास पठाराच्या पालीला तर गिरींचंच नाव आहे, निमास्पिस गिरीआय, 2014.

यातच धोका आहे. चीनमधली गोनियुरोसॉरस लुई ही पाल 1999 मध्ये शास्त्राला कळली आणि थोड्याच वर्षांत, जिथून तिचं वर्णन झालं त्या जागेवरून ती नाहीशी झाली. व्यापारी शोधनिबंध वाचत होते! तेव्हापासून काही अभ्यासक नेमकं ठिकाण छापतच नाहीत. ज्ञान जगापुढे मांडायचं हा विद्येचा धर्म, आणि मांडलं तर ज्याचं ज्ञान तोच मरतो. आम्ही इतकी वर्षं ज्ञानमीमांसा शिकवली, पण एवढा अवघड प्रश्न पुस्तकात क्वचितच सापडला. आमचं मत विचाराल तर ठिकाण लपवावं. तोरण्याच्या कोणत्या कपारीत काय आहे हे सगळ्या जगाला कळायची गरज नाही.

मग अंडी उबवूच नयेत का? उबवावीत, पण वेळाससारखी. वरंध घाट उतरून महाडच्या पुढे मंडणगड तालुक्यात गेलात की वेळासचा किनारा येतो. तिथे 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था आणि गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखू लागले. पूर्वी ती चोरून विकली जात. आता रात्रीच घरटं शोधून, शंभरेक अंडी अलगद उचलून, तेवढ्याच खोल खड्ड्यात कुंपणाच्या आत ठेवतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात आणि समुद्राकडे धावतात. कासवातही तापमानच लिंग ठरवतं, फक्त तिथे गरम वाळूतून माद्या येतात. उबवणारे गावकरीच, पण पिल्लू कोणाच्या मालकीचं नाही.

तरुण श्रोत्यांना कायद्याचंही सांगतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावायचा नाही. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, त्यानुसार आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले परदेशी प्राणी पाळणाऱ्याने नोंदणी करायची आणि पिल्लं झाली तर तेही कळवायचं. रानातली कोणतीही पाल उचलायच्या आधी वनखात्याला विचारा. आणि कुतूहल असेलच तर तसबिरीमागची ती दोन अंडी न हलवता वहीत तारीख लिहा, जवळ एक साधा तापमापक टांगा आणि रोज सकाळ-दुपार आकडा मांडा. कवच फुटेल तो दिवस आम्हाला कळवा. वेल्ह्याच्या पावसाळी गावातले दिवस आणि भोर बाजारपेठेतल्या पत्र्याच्या घरातले दिवस यांत किती फरक पडतो, ते पुढच्या व्याख्यानाच्या आधी आपण फळ्यावर मांडून पाहू.