वर्षावास आणि विणकरांची श्रेणी
पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे, उगवत्या अंकुरांस व क्षुद्र जीवांस पायदळी तुडवू नये, हा नियम लोकांच्या तक्रारीवरून बुद्धाने घालून दिला. आणि तृष्णा हेच दुःखाचे मूळ मानणाऱ्या त्या संघात भिक्षूस सोन्याचांदीचा स्वीकारही वर्ज्य होता. मग लेण्यांत राहिलेल्या या अकिंचनांच्या वस्त्रांची तजवीज कोणी करावी? नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेला लेख याचे जे उत्तर देतो, ते मला कित्येक प्रवचनांहून बोलके वाटते. त्याने ३,००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेविली: २,००० एकीकडे, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे, पाऊण दराने. मुद्दलास हात लावावयाचा नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट होती. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासी २० भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावयाचे, आणि वर्षाचे २४० कार्षापण व्याज या हिशेबाशी तंतोतंत जुळते. दात्याचा विश्वास माग चालविणाऱ्या गृहस्थांवर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा सारा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, ऐकविला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर त्याची नोंद झाली.