न दिसणारी कात्री : संकलक रेणू सलुजा

चित्रपट पाहून घरी परतणारा प्रेक्षक नटनट्यांविषयी बोलतो, एखादी चाल गुणगुणतो, फार तर दिग्दर्शकाचे नाव घेतो. ‘संकलन उत्तम होते’ असे उद्गार मात्र आमच्या कानी क्वचितच पडले आहेत. यात प्रेक्षकाचा दोष नाही. सांधा दिसू न देणे हेच ज्या कलेचे यश, तिला दाद मिळावी तरी कशी? या अबोल कलेला जवळजवळ पाव शतक वाहून घेतलेल्या रेणू सलुजा यांच्या कार्याचा अल्प परिचय येथे करून देण्याचा आमचा मानस आहे.

रेणूताईंचा महाराष्ट्राशी संबंध जडला तो जन्माने नव्हे, शिक्षणाने आणि कर्माने. १९५२ साली दिल्लीत एका पंजाबी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे त्या पुण्यास आल्या. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात’ कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली आणि तेथे ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘शेजारी’ यांसारखे चित्रपट तयार झाले, हे वाचकांस ठाऊकच आहे. प्रभातच्या त्याच वास्तूत केंद्र सरकारने १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली. तेथून १९७६ मध्ये रेणूताई संकलनाचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. तांत्रिक विभागांत स्त्रिया विरळाच आढळाव्यात, असा तो काळ होता.

संकलकाचे काम किती कष्टाचे, याची कल्पना थोड्या हिशेबाने येईल. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या चित्रपटास साडेतेरा हजार फूट. चित्रण होते ते याच्या कितीतरी पट. त्या ढिगातून नेमका तुकडा निवडायचा, तो कापायचा, पुढच्या तुकड्यास चिकटवायचा, ध्वनीच्या फितीशी जुळवायचा आणि यंत्रावर पुनःपुन्हा पाहायचा. चार चौकटी आधी कापले तर विनोद फसतो. चार चौकटी उशिरा कापले तर शोक ओसरतो.

१९८३ हे वर्ष या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. त्या वर्षी रेणूताईंनी संकलित केलेले दोन चित्रपट पडद्यावर आले. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’मध्ये एक प्रेत, पळापळ आणि रंगमंचावरील महाभारत यांचा जो गोंधळ माजतो, तो प्रेक्षकाला क्षणभरही गोंधळवीत नाही. कोण कोठून आला आणि कोणाच्या हाती काय लागले, हे त्या धुमाकुळातही स्पष्ट राहते. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ची प्रकृती याच्या अगदी उलट. श्री. दा. पानवलकर यांची कथा, विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि आतल्या आत धुमसणारा फौजदार वेलणकर. तेथे संकलकाने उतावीळ होऊन चालत नाही. चेहऱ्यावर थांबावे लागते. एकाच हाताने हे दोन्ही साधले.

पुढे विधू विनोद चोप्रा यांचा ‘परिंदा’ (१९८९) आला. दादरच्या कबुतरखान्याजवळ मित्राच्या डोळ्यांदेखत पोलीस अधिकारी मारला जातो आणि कबुतरांचा थवा उडतो, तो प्रसंग पाहिलेल्यास विसरता येत नाही. या चित्रपटाने रेणूताईंना संकलनाचे पहिले राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले. सुधीर मिश्रा यांचा ‘धारावी’, केतन मेहता यांचा ‘सरदार’ आणि विनय शुक्ला यांचा ‘गॉडमदर’ यांसाठीही त्यांना हाच बहुमान लाभला. ‘सरदार’ची पटकथाही तेंडुलकरांचीच होती.

दिग्दर्शकाने चित्रित केलेलेच संकलक जोडतो, मग त्यात त्याचे स्वतःचे ते काय, असा आक्षेप घेतला जातो. त्याला ही चार पारितोषिकेच उत्तर देतात. दिग्दर्शक चार, विषय चार, आणि संकलक मात्र एकच. शिवाय या चित्रपटांपैकी एकही दुसऱ्यासारखा दिसत नाही. स्वतःची मुद्रा उमटविण्याचा मोह आवरून प्रत्येक कृतीला तिचीच लय शोधून देणे, हे आम्हांला त्यांचे खरे सामर्थ्य वाटते. ‘बँडिट क्वीन’ (१९९४), ‘परदेस’ (१९९७) आणि ‘हे राम’ (२०००) अशा परस्परांपासून दूरच्या चित्रपटांवर त्यांची कात्री फिरली, पण तिची खूण कोठे राहिली नाही.

१६ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. त्यानंतर फिल्म आणि कात्री दोन्ही मागे पडली. आज संकलन संगणकावर होते. यंत्र बदलले, परंतु कोठे थांबावे आणि काय गाळावे हा प्रश्न संकलकापुढे तसाच उभा आहे, आणि त्याचे उत्तर यंत्र देत नाही.

आपण मराठी माणसे पोटासाठी दूरदेशी आलो. रेणूताईंनी उलट दिशेने प्रवास करून मराठी मुलखात आपली कर्मभूमी शोधली. पन्नास वर्षे चाललेल्या मंडळात सतरंज्या घालणारे, तालमींना दिवे लावणारे आणि वर्गणीचा हिशेब जुळविणारे असे कितीतरी हात असतात, ज्यांची छायाचित्रे स्मरणिकेत येत नाहीत. तेव्हा यापुढे चित्रपट पाहताना श्रेयनामावलीतील संकलकाच्या नावापर्यंत वाचकांनी अवश्य थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.