विक्रमांचा तक्ता वाचताना : कित्झब्यूलचा उतार आणि आपली तुलना



मी मूळचा दरेकसा भागातला. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी इथं डोंगरात शिरते, त्यामुळे उतार म्हटलं की मला आधी रेल्वेच आठवते. बोरघाटातला सगळ्यात तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे जेमतेम 2.7 टक्के. म्हणून ऑस्ट्रियातल्या कित्झब्यूल गावच्या 'श्ट्राइफ' या स्की शर्यतीच्या मार्गावर 85 टक्के उतार आहे असं वाचलं, तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. 85 टक्के म्हणजे 85 अंश नव्हे. 100 मीटर आडवं अंतर कापताना 85 मीटर खाली उतरणं, म्हणजे साधारण 40 अंशांचा कोन. एकक न बघता आकडा वाचला की असं होतं.

हा मार्ग 3,312 मीटर लांब आहे. सुरुवात 1,665 मीटर उंचीवर आणि शेवट 860 मीटर खाली. सुटल्यावर काही सेकंदांतच 'माउसफाल' येतो, म्हणजे उंदराचा सापळा. तो 85 टक्क्यांचा उतार इथलाच. इथून स्कीपटू अक्षरशः हवेत फेकला जातो. शेवटच्या टप्प्यात वेग ताशी 140 किलोमीटरपर्यंत जातो.

आता संशोधनाचा मुद्दा. इथली पहिली शर्यत 1931 ची, तेव्हा विजेत्याला साडेचार मिनिटांहून जास्त वेळ लागला. 1997 मध्ये फ्रिट्झ श्ट्रोबलने 1 मिनिट 51.58 सेकंदांत विक्रम केला. मी लगेच वहीत लिहिलं : 'वेळ निम्म्याहून कमी.' नंतर लक्षात आलं, की 1931 ची शर्यत श्ट्राइफवर झालीच नव्हती! श्ट्राइफ वापरात आली 1937 मध्ये. शर्यतीचं नाव एक, डोंगर एक, पण मार्ग वेगळा. माझं वाक्य खोडावं लागलं.

बरं, 1937 पासून मोजू म्हटलं तरी प्रश्न सुटत नाही. स्की बदलल्या, पोशाख बदलले, आणि आता बर्फ मुद्दाम कडक, गुळगुळीत केला जातो. वाटेतली फाटकं कुठं लावायची, म्हणजे वळण किती घ्यायला लावायचं, हे दर वर्षी ठरतं. वारा किंवा धुकं असेल तर सुरुवातच खाली आणतात. म्हणजे अवघडपणा निम्मा डोंगराचा, निम्मा माणसांच्या निर्णयाचा.

आणि या निर्णयांची किंमत खरी असते. 2009 मध्ये सरावात शेवटच्या उडीवर पडलेला डॅनियल अल्ब्रेख्त तीन आठवडे कोमात होता. 2011 मध्ये हान्स ग्रुगर सरावातच माउसफालवर जबर जखमी झाला. 2016 मध्ये स्विंडाल, राइशेल्ट आणि श्ट्राइटबर्गर हे तिघेही एकाच शर्यतीत पडले, आणि 30 स्पर्धकांनंतर शर्यत थांबवावी लागली. विजेत्यांच्या यादीत मात्र त्या वर्षासमोर एकच नाव दिसतं : पीटर फिल. यादी खोटं बोलत नाही, पण गप्प बसते. सरावातले अपघात तर तिच्यात येण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये तुलनेचा तक्ता टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा. मोजलेली वस्तू दोन्ही वेळी तीच होती का? मोजण्याच्या अटी कोणी ठरवल्या? आणि तक्त्यातून कोण गळलं?

हेच आमच्या लाइनलाही लागू पडतं. नागपूर-छत्तीसगड रेल्वे आधी मीटर गेज होती. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन ब्रॉड गेज केली. जुन्या आणि नव्या वेळापत्रकांतले तास शेजारी मांडून 'गाडी इतकी वेगवान झाली' असं लिहिण्याआधी रूळ तेच होते का, एवढं तरी बघायला हवं. गाइडने विचारण्याआधी आपणच विचारलेलं बरं.