सभासदवहीतलं नाव

आषाढी आटोपली की श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावच्या परतीच्या वाटेला लागते. लोणार, मेहकर मागे टाकून ती जानेफळात येते. मेहकर तालुक्यातल्या या गावाला तो दिवस सणाचाच. दारोदारी सडा-रांगोळ्या, वारकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या-घागरी, आणि पंगतीची लगबग.

वारकऱ्यांच्या पंगतीसाठी भाकरी थापणाऱ्या बाईच्या शेजारी घटकाभर बसून पाहावं. परातीत ज्वारीचं पीठ, त्यावर कढत पाणी, तळव्यानं रेटून मळलेला गोळा. दोन्ही हात गोल फिरत असतात आणि भाकरी परातीतच मोठी होत जाते. ती तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरतो, मग उलटायची, मग आरावर शेकायची. धुरानं डोळे चुरचुरतात, पण हात थांबत नाहीत. या सेवेला कुणी तास मोजत नाही. वर्गणीच्या पावतीवर मात्र गावोगावी बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचंच नाव पडतं. मंडळाचा अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ही नावंही बहुतेक त्याच यादीतली. बाई सेवेत आहे, सभासदवहीत नाही.

महाराष्ट्रात ही वही बाईसाठी उघडण्याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात एका जोडप्यापासून होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. सावित्रीबाई त्यात अध्यक्षांची पत्नी म्हणून मिरवायला नव्हत्या. १८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर-ओतूर भागात प्रत्यक्ष काम करत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रात घरगुती खुशाली थोडी आहे. दुष्काळाची हकिगत आणि सत्यशोधकांच्या मदतकार्याची माहितीच अधिक. एका कार्यकर्त्यानं दुसऱ्याला पाठवावा तसा तो अहवाल आहे.

१८९० मध्ये जोतीराव गेल्यावर समाजाची धुरा सावित्रीबाईंनी उचलली. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. पुढे चार वर्षांनी पुण्यात प्लेगची साथ आली. दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर माळावर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रुग्णांना तिथं पोचवू लागल्या. मुंढव्याचा पांडुरंग गायकवाड हा प्लेग झालेला मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सेवेतलं सारं कुटुंब म्हणजे काय, ते या घरानं दाखवलं. पती, पत्नी, मुलगा तिघंही कामात होते आणि कुणीही कुणाच्या सावलीत नव्हतं.

दुसरी वाट बायकांनी स्वतःची संस्था काढण्याची. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. शिवण, शिक्षण, परिचारिकेचं प्रशिक्षण अशी कामं तिथं चालली. विधवेनं रुग्णालयात जाऊन परक्यांची शुश्रूषा करायची, हे त्या काळच्या घरांना पचणं अवघड होतं. रमाबाई रानडे यांनी घराघरांतून समजूत घालून मुली आणल्या.

त्यांचं एक काम जानेफळच्या वाचकाला जवळचं वाटेल. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास त्या सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जात आणि यात्रेला आलेल्या बायकांची सेवा करत. वारीत भाकरी वाढणारे हात पूर्वीही होतेच. पण संस्थेचं नाव लावून, ठरवून, एकत्र निघालेली बायकांची तुकडी ही नवी गोष्ट होती.

परदेशातून आलेल्या सेवाक्लबांची कहाणी याच्या उलट दिशेनं घडली. रोटरीची स्थापना १९०५ ची आणि लायन्सची १९१७ ची, दोन्ही शिकागोतल्या. दोन्हीकडे सभासद फक्त पुरुष. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या रोटरियनांच्या बायका मदतकार्यात उतरल्या, आणि १० जानेवारी १९२४ रोजी मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकारानं त्यांची इनरव्हील ही वेगळी संघटना निघाली. भारतातला पहिला इनरव्हील क्लब १९५५ मध्ये अहमदाबादला सुरू झाला. लायन्सनंही १९७५ पासून 'लायनेस' क्लब काढले. कामाला दोघं, ठरावाला मात्र तो.

हे चित्र बदललं ते कोर्टात. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या रोटरी क्लबनं १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं. वरिष्ठ संघटनेनं त्या क्लबची सनदच काढून घेतली. छोट्या गावचा क्लब माघार न घेता लढत राहिला. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, स्त्री आहे म्हणून सभासदत्व नाकारता येणार नाही. त्याच वर्षी जुलैत लायन्सनं तैपेईच्या अधिवेशनात दार उघडलं, आणि १९८९ मध्ये रोटरीनं जगभरासाठी नियम बदलला. २०१८ मध्ये आइसलँडच्या गुद्रुन इंग्वादोत्तिर लायन्सच्या पहिल्या स्त्री आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या, तर २०२२ मध्ये जेनिफर जोन्स रोटरीच्या.

दार उघडलं तरी घरातला हिशेब आडवा येतोच. एकाच घरातून दोन वर्गण्या कशाला, असं म्हटलं की मागे राहते ती बायकोच. म्हणून लायन्सनं कुटुंब-सभासदत्वाची सोय केली. घरातला पहिला सभासद आंतरराष्ट्रीय वर्गणी पूर्ण भरतो, आणि त्याच घरातल्या आणखी चौघांपर्यंत प्रत्येकाला ती निम्मीच पडते. वर्गणी निम्मी असली तरी सभासदत्व अर्धं नसतं. मत देता येतं, पद घेता येतं. ही तरतूद कागदावर लहान दिसते, पण सासू, सून आणि मुलगी एका बैठकीला बसू शकतात, ते तिच्यामुळे.

विदर्भातल्या खेड्याला हे सगळं शहरी वाटायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, खंजिरीभजन वऱ्हाडात गावोगाव पोचलं. 'ग्रामगीते'त त्यांनी महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. बायकांना मागे ठेवून गावाची सुधारणा होत नाही, ही त्यांची भूमिका या मातीतलीच आहे. १९९० नंतर ग्रामपंचायतीत राखीव जागा आल्या आणि बचत गटांनी बायकांच्या हाती पासबुक, इतिवृत्त आणि सही दिली. दर महिन्याला हजेरी घेऊन, पै-पैचा जमाखर्च वाचून दाखवणारी गटाची सचिव आज बहुतेक गावांत सापडते. मंडळ चालवायला लागतं ते सगळं कसब तिच्यापाशी आहे.

पालखी पुढं खामगावच्या दिशेनं निघाली की मोठी पातेली घासायला निघतात, सतरंज्या झटकल्या जातात. अशा प्रत्येक सोहळ्यानंतर कुठं ना कुठं हिशेबाची बैठक बसते. किती पीठ लागलं, किती तेल उरलं, पुढच्या वर्षी वर्गणी किती धरायची. या प्रश्नांची नेमकी उत्तरं परातीजवळ बसलेल्या बाईला ठाऊक असतात. तिला त्या बैठकीचं बोलावणं जावं, तिच्या नावाची पावती फाडली जावी, आणि नव्या वर्षाच्या सभासदवहीत नवऱ्याच्या नावाखालच्या ओळीत तिचं स्वतःचं नाव, तिच्या स्वतःच्या सहीसह, लिहिलं जावं.