भाटघरची शहाणी दारे

भोर म्हटले की पंतसचिवांचा राजवाडा डोळ्यांपुढे येतो आणि वेल्हे म्हटले की तोरणा व राजगड. इतिहासाच्या वाटेने या मुलखात जाणारा माणूस बहुधा वर, गडांकडे पाहत जातो. पण याच डोंगरांच्या दक्षिणेस वेळवंडीचे खोरे आहे, आणि त्याच्या तोंडाशी भाटघर येथे बळाच्या आणि गतीच्या इतिहासातले एक सुरेख पान दगडालोखंडात लिहिले गेले आहे. शाळकरी मुलांना हा विषय रुक्ष वाटतो. त्यांनी हे पान अवश्य वाचावे.

1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. पुरंदर, बारामती, इंदापूरच्या कोरड्या रानांना पाणी द्यावे म्हणून नीरेचा डावा कालवा निघाला आणि त्यासाठी वेळवंडीवर धरण बांधले गेले. 1892 च्या सुमारास ते पुरे झाले. त्या तलावाला व्हायटिंग या इंजिनियराचे नाव मिळाले. खोऱ्यातली शेते पाण्याखाली गेली आणि खालची राने हिरवी झाली. तेव्हा साठलेल्या प्रत्येक फूट पाण्याची किंमत कोणीतरी मोजली होती, हे विसरू नये.

येथेच पेच पडला. सांडव्यावर दारे बसवली तर काही फूट पाणी जास्त साठते. पण सह्याद्रीचा पाऊस सांगून येत नाही. मध्यरात्री लोंढा आला आणि दारे बंदच राहिली, तर धरणावरून पाणी जायचे. काळोखात, मुसळधार पावसात डझनावारी दारे माणसांनी वेळेवर कशी उघडावीत? दार स्वतःच शहाणे असले पाहिजे!

रेनोल्ड नावाच्या इंजिनियराने ही युक्ती भाटघरला साधली. तत्त्व रहाटावरच्या दोराइतके सोपे आहे. दोराच्या एका टोकाला दार, दुसऱ्याला प्रतिभार. हा प्रतिभार एका हौदात लोंबतो. हौद कोरडा असेतो प्रतिभार दाराहून जड, म्हणून दार वर ओढलेले, म्हणजे बंद राहते. तलाव ठरल्या पातळीवर गेला की पाणी हौदात शिरते. बुडालेली वस्तू आपण बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी हलकी होते, हे आर्किमिडीजने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले. प्रतिभार हलका पडतो, दार जड ठरते आणि खाली सरकून पाण्याला वाट देते. पूर ओसरला, हौद रिता झाला, की दार पुन्हा वर!

उदाहरणापुरते आकडे घेऊ. दार 27 मण, प्रतिभार 33 मण. वर ओढणारे बळ 6 मणांनी अधिक. आता प्रतिभार आपल्या काळ्या पाषाणाचा असेल, तर पाण्यात त्याचे वजन तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक घटते. 33 चे 22 मणांच्याही खाली येतात आणि दार उघडते. तोच प्रतिभार भरीव ओतीव लोखंडाचा केला, तर सातवा हिस्साच घटतो. 28 मण उरतात आणि दार जागचे हलत नाही! म्हणजे नुसते वजन पाहून भागत नाही, आकारमानही पाहावे लागते.

दुसरा शत्रू घर्षणाचा. 10 फूट रुंद, 8 फूट उंच दारामागे काठोकाठ पाणी असले, तर ते दाराला सुमारे 20,000 पौंडांनी, म्हणजे 9 टनांनी चौकटीवर दाबते. असे दार खाचेत नुसते घासत गेले, तर तीन-चार मणांच्या फरकाने ते सरकणार नाही. म्हणून अशा दारांना चाके हवीत.

1687 मध्ये न्यूटनने गतीचे नियम ग्रंथरूपाने मांडले. शिवछत्रपतींच्या निधनाला तेव्हा सातच वर्षे झाली होती. बळे तुल्य असतील तर स्थिर वस्तू स्थिरच राहते. तोल बिघडला की गतीत बदल होतो. राजगडाच्या पलीकडच्या खोऱ्यात हा नियम पुढे दोनशे वर्षांनी पहारेकरी म्हणून नेमला गेला.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या निराळ्या रचनेची स्वयंचलित दारे 1903 साली खडकवासल्याला बसवली. भाटघरला जुन्याच्या जागी अधिक उंच धरण आले, ते 1928 साली पुरे झाले. त्याला गव्हर्नर लॉइड यांचे नाव मिळाले. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. या धरणालाही 45 स्वयंचलित दारे आहेत. श्रावणभाद्रपदात ती उघडली की भोरकरांना धरण भरल्याची वर्दी मिळते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी घरीच हा खेळ मांडावा. कप्पीवरून दोरी सोडावी, एका टोकाला दगड, दुसऱ्याला त्याहून किंचित हलकी वाळूची पिशवी बांधावी; दगडाखाली रिकामी बादली ठेवून तीत हळूहळू पाणी ओतावे. दगड बुडून पिशवी खाली उतरू लागली की पुस्तकातले ‘असंतुलित बळ’ म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागणार नाही.