देशावरची काटक कुंपणे
सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जिथे वर्षाकाठी जेमतेम २० इंच पाऊस पडतो, तिथल्या रयतेने परसाच्या आणि शेताच्या हद्दीवर जी झुडपे लावली, त्यांच्या निवडीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे सूक्ष्म निरीक्षण होते. विषारी म्हणून गुरे तोंड लावीत नाहीत, चिवट पानांमुळे उन्हाळा निभावते आणि देवपूजेला फुले देते, म्हणून कण्हेर दाराशी आली. मूळचा आफ्रिकेतला शेर बांधावर रुजला. शेराची फांदी तोडून, तिचा चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवून, मग मृगाच्या सुमारास रोवावी, ही रीत मला अत्यंत शास्त्रशुद्ध वाटते. कारण ओली जखम मातीत गेली की ती कुजते.

अमेरिकेतून आलेल्या निवडुंगाचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे. १७९५ मध्ये, कंपनी सरकारच्या अमदानीत, किरमिजी रंगाच्या लोभाने हिंदुस्थानात आणलेला कीटक निराळ्याच जातीचा निघाला, आणि रंग देण्याऐवजी त्याने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. दुसरी जात पुढे गायराने व पडीक जमिनी व्यापत गेली, आणि १९२६ मध्ये सिंहलद्वीपातून आणलेल्या दुसऱ्या कीटकाने दक्षिण हिंदुस्थानात तिला आवर घातला.